मॅडम, तुमचा मुलगा कुठे शिकतो?

पत्र लिहिणाऱ्या ताई इंदूर जिल्ह्यात, महूच्या पलीकडच्या नगर परिषदेच्या एका छोट्या गावात सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतात. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी. सहा वर्षांपूर्वी शाळेत ७४ मुलं होती, आज ३१ आहेत आणि शिक्षक दोन. एप्रिलमध्ये ‘स्कूल चलें हम’ या सरकारी शाळाप्रवेश मोहिमेच्या फेरीत त्या घरोघर हिंडत होत्या. एका भाजीवाल्या बाईंनी दारातच विचारलं, ‘मैडमजी, आपका मुन्ना कहाँ पढ़ता है?’ ताईंचा मुलगा महूच्या खासगी इंग्रजी शाळेत यंदा चौथीत गेला. ‘उधर, महू में,’ एवढंच बोलून त्या पुढच्या दाराकडे वळल्या. त्या दिवसापासून झोप नीट नाही. पटसंख्या अशीच घसरली तर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होईल आणि आपण अतिशेष, म्हणजे जादा शिक्षक, ठरू, ही धास्तीही आहे. पती पीथमपूरला कारखान्यात आहेत, ते म्हणतात, ‘तुझ्या नोकरीपायी पोराचं नुकसान नको.’ बरोबरीची मैत्रीण म्हणते, ‘आधी आपलं पोर घाल, मग दुसऱ्याचं माग.’ ताई विचारतात: मुलाला माझ्या शाळेत आणू का? आणि नाही आणला, तर मी ढोंगी ठरते का?

ताई,

आधी माझं सांगते. मी इंदुरात एका सरकारी कन्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं आणि माझी मुलगी खासगी शाळेत शिकली. मला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. त्या काळी मुली आपसूक यायच्या, सत्र सुरू झालं की बाकं कमी पडायची आणि आम्ही सतरंजीवर वर्ग भरवायचो. दारोदार नावं मागत फिरण्याची वेळ तुमच्या पिढीवर आली, म्हणून हा प्रश्नही तुमच्याच वाट्याला आला. तेव्हा ढोंगाचा निवाडा माझ्याकडून मागू नका, मी त्या खुर्चीवर बसायच्या लायकीची नाही.

पण त्या बाईंनी नक्की काय विचारलं, ते तुम्ही नीट ऐकलंत का, ही शंका मला आहे. तुम्ही ऐकलंत, ‘तू खोटी आहेस.’ मला पत्रात वेगळंच ऐकू आलं. ती बाई भाजी विकते. तिच्या हातगाडीपाशी दिवसातून पन्नास गिऱ्हाइकं विचारतात, ‘भेंडी कोवळी आहे ना?’ ती काय करते? ‘आमच्या घरी हीच खातात’ असं सांगत बसत नाही. एक भेंडी उचलते आणि टोक मोडून दाखवते. कट्कन तुटलं की गिऱ्हाईक पिशवी उघडतं. तुमच्या मुलाच्या शाळेचं नाव तिने विचारलं ते माल पारखायचा दुसरा मार्ग तिच्यापाशी नव्हता म्हणून. शाळेच्या आत काय चालतं हे तिला दिसत नाही. मास्तरणीचं पोर कुठे जातं, हे दिसतं.

आता तुमची मैत्रीण म्हणते तसं करून मुलाला उद्या तुमच्या शाळेत बसवलंत, तर त्या बाईला मिळालं काय? तुमचं पोर तिथे आहे, एवढंच. तिचं पोर वाचायला शिकेल की नाही, हे तिला तरीही कळलेलं नाही.

हा उपाय देशात वरूनही सांगून झाला आहे. १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, तशी व्यवस्था सहा महिन्यांत करा. पेपरात मोठे मथळे आले. पुढे त्याचा अंमल काही झाला नाही. साहेबांची पोरं वर्गात आली की छत गळायचं थांबेल, हा त्यामागचा हिशेब कलेक्टरच्या बाबतीत कदाचित बरोबरही असेल. पण तुम्ही कलेक्टर नाही. तुमचा मुलगा तुमच्या शाळेत आल्याने तिसरा शिक्षक मिळणार नाही. पट ३१ चा ३२ होईल, बस्स.

आता त्या ३१ बद्दल. पत्रात तुम्ही ७४ वरून ३१ हा आकडा तीनदा लिहिलाय, आणि तिन्ही वेळा तो तुमच्याच माथी मारून घेतलाय. त्यातलं तुमचं किती आणि काळाचं किती, ते जरा वेगळं करून बघू. मध्य प्रदेशात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी ३.१ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत २.०. म्हणजे पंधरा वर्षांत प्रत्येक अंगणातून एक मूल कमी झालं. शाळेत घालायला मुळात मुलंच कमी आहेत. शिवाय आता प्रत्येक मुलाची नोंद नावानिशी पोर्टलवर जाते, त्यामुळे एकाच मुलाचं नाव दोन शाळांत ठेवायची जुनी सोय संपली. तुमच्या त्या ७४ मध्ये अशी कागदावरची किती होती, हे तुमच्या मोठ्या सरांना मनातून ठाऊक असेल.

आणि सगळ्यात मोठी गळती तर तुमच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच होते. खासगी शाळा मूल तीन वर्षांचं झालं की नर्सरीत घेते. तुमच्या शाळेची पहिली सहाव्या वर्षी सुरू होते. मधली तीन वर्षं मूल अंगणवाडीत असतं किंवा टाय लावून नर्सरीत. जे नर्सरीत गेलं त्याचे मित्र तिथे, व्हॅनवाले काका तिथे, गॅदरिंगचे फोटो तिथे. सहाव्या वर्षी आई त्याला तिथून काढून तुमच्याकडे कशाला आणेल? त्यातच शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा गरीब घरच्या मुलांना मिळतात, लॉटरी लागली तर फीही सरकार भरतं. माझ्या मते ती सोय चांगलीच आहे, पण तुमच्या वस्तीतली धडपडी आई, जिने तुमच्या पालक समितीत भांडून नळ दुरुस्त करून घेतला असता, ती नेमकी त्या वाटेने निघून जाते.

राहिलं ते दोन शिक्षकांचं. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेत, आणि वर्ग असतात पाच. गणित कुणी केलं कोण जाणे. पालक खिडकीतून डोकावतो तेव्हा त्याला एका खोलीत तीन वर्ग आणि फळ्यापाशी एक मॅडम दिसतात, आणि दुसरे सर कुठल्या तरी सर्व्हेला गेलेले असतात. तो म्हणतो, इथे शिकवत नाहीत. तुम्ही घसा फोडून शिकवत असता. दोघंही खरं बोलत असता.

तरीही, ताई, सगळं काळावर ढकलून मी तुम्हाला मोकळं सोडणार नाही. एक प्रश्न तुम्ही पत्रात कुठेच विचारला नाहीत: माझ्या ३१ मुलांपैकी किती जणांना वाचता येतं? पाचवी-आठवीची बोर्डाच्या धर्तीवरची परीक्षा आपल्याकडे २०२३ पासून पुन्हा सुरू झाली. त्याचा निकाल सांगू नका. पाचवीचा राज्याचा निकाल आता नव्वद टक्क्यांच्या पुढे असतो, त्यातून कुणालाच काही कळत नाही. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा तिसरीच्या मुलापुढे धरा आणि बघा. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतली २३.४ टक्के मुलं असा उतारा वाचू शकली. चारांत एकही नाही. वाईट वाटतं ना? खासगी शाळांत ती संख्या जास्त आहे, पण तिथेही तिनांत साधारण दोन मुलांना तो उतारा जमला नाही. फी भरून, टाय बांधून, व्हॅनमध्ये बसून.

म्हणून माझी पहिली सूचना तुमच्या शाळेसाठी नाही, घरासाठी आहे. आज रात्री जेवणं झाली की मुलाला जवळ घ्या. त्याच्या इंग्रजी पुस्तकातलं एक पान वाचायला सांगा आणि मग पुस्तक मिटून, काय वाचलं ते मराठीत सांग म्हणा. मग हिंदीचं एक पान. मग एक हातच्याची वजाबाकी. ओरडायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त बघायचं. त्याचे बाबा त्या वेळी शेजारी बसलेले असू द्या. ‘पोराचं नुकसान’ हा शब्द घरात येतो आहे, तर नुकसान कुठे होतंय ते दोघांनी मिळून पाहिलेलं बरं. कदाचित तो झरझर वाचेल, तुम्ही निश्चिंत व्हाल. कदाचित इंग्रजी खडखडीत वाचेल आणि अर्थ एका ओळीचा सांगता येणार नाही. माझ्या नात्यातल्या दोन मुलांचं असंच झालं. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि पुस्तकात तिसरी असली की असं होतं, आणि मार्क मात्र ऐंशीच्या वर असतात.

त्याला तुमच्या शाळेत आणायचं का, तर या वर्षी आणू नका, असं माझं मत. दोन शिक्षकांच्या शाळेत तुम्हीच त्याच्या वर्गशिक्षिका होणार. चौथीतलं पोर दिवसभर आईला ‘मॅडम’ म्हणणार, बाकीची मुलं ‘मैडम का लड़का’ म्हणून बघणार, आणि तुम्ही पक्षपात दिसू नये म्हणून त्याला इतरांपेक्षा दोन धपाटे जास्त घालणार. (मारायला कायद्याने बंदी आहे हे मला माहीत आहे. आयांना ते कुणी सांगितलेलं नसतं.) शिवाय आणलं ते पट वाचवायला, हे त्याला एक ना एक दिवस कळेल. नऊ वर्षांच्या पोराला आईच्या नोकरीचा टेकू करू नये.

पण म्हणून प्रश्न संपला असंही नाही, कारण त्याला अजून दोन वर्षांनी सहावीत जायचंच आहे. तो खरा नाका आहे. तिथे सरकारी शाळा हा पर्याय दोघांनी गंभीरपणे घ्या, आणि ते कुणाला दाखवायला म्हणून नको. तुमच्या तहसिलीत सांदीपनि विद्यालय असेल, म्हणजे परवापरवापर्यंत ज्याला आपण सीएम राइज म्हणत होतो ते, तर एका कामाच्या दिवशी रजा टाकून ते बघून या. केजीपासून बारावीपर्यंत एका छताखाली आणि मुलांना आणायला बस, अशी ती योजना आहे. प्रत्यक्षात बस येते का, विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की अतिथी, म्हणजे तात्पुरते, प्रयोगशाळेचं कुलूप गंजलंय का, हे मास्तरणीच्या नजरेला दहा मिनिटांत कळतं.

आणि काही हिशेब सहावीपासूनच सुरू होतात, ते कित्येक आईबापांना माहीत नसतात, म्हणून इथे लिहिते. आठवीत केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेतल्या मुलांनाच तिला बसता येतं. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. खासगी शाळेतलं मूल, मग त्याचा बाप हमाल का असेना, तिथे बसू शकत नाही. दुसरं, आपल्या राज्यात २०२३ पासून मेडिकलच्या पाच टक्के जागा सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी राखीव आहेत, आणि त्यासाठी साधारणपणे सहावी ते बारावी सरकारी शाळेत झालेली हवी. तुमचा मुलगा डॉक्टर होणार की क्रिकेटर, देव जाणे. पण अकरावीत ही गोष्ट कळून हात चोळणारे पालक मी पाहिलेत.

तुम्ही महूच्या बाजूच्या आहात, म्हणून एक आठवण निघाली. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, महूच्या लष्करी शाळेत शिकवत. मास्तराचा हा मुलगा पुढे ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला, नंतर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात, तेही सरकारी. आपल्याकडे हे भाषणात अभिमानाने सांगतात. पण शाळेत त्याला इतरांपासून वेगळं बसावं लागे आणि पाणी दुसऱ्याने वरून ओतलं तरच मिळे, हेही त्यातलंच आहे. सरकारी शाळा म्हणजे आपोआप सगळ्यांची शाळा, असं तेव्हाही नव्हतं. तुमच्या वर्गात वस्तीतलं कुठलं मूल दाराशी बसतं, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसत नाही, तेही एकदा बघून ठेवा. नाव काढून नेणारे पालक कारण नेहमी खरं सांगत नाहीत, काही वेळा कारण तिथे असतं.

आता दारावर काय करायचं ते. त्या बाईकडे परत जा. टाळू नका. सरळ सांगा, ‘माझा मुलगा खासगी शाळेत आहे. नर्सरीपासून तिथे आहे, म्हणून अजून हलवला नाही.’ लाज वाटेल, अर्धा मिनिट. मग तिच्या मुलीला, मुलाला, जे असेल त्याला, अंगणात बसवा आणि तुमच्या शाळेतली त्याच गल्लीतली दुसरी-तिसरीची एक मुलगी सोबत नेली असेल तिला पुस्तक द्या. ती वाचू दे. हे टोक मोडलेलं त्या बाईला दिसलं पाहिजे. अशी वाचणारी एकही मुलगी तुमच्याकडे नसेल तर, ताई, फेरी थांबवा. आधी तीन महिने तिसरी ते पाचवीची मुलं वर्गाप्रमाणे न बसवता वाचनाप्रमाणे बसवा: अक्षरवाले एका कोपऱ्यात, शब्दवाले दुसरीकडे, उतारावाले व्हरांड्यात. रोज एक तास. दोन शिक्षकांत हे जमतं, मी केलंय. पाच वर्ग पाच पुस्तकांतून ओढण्यापेक्षा सोपं पडतं. मग दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आयांना बोलवा आणि प्रत्येकीला फक्त तिच्याच मुलाचं वाचन ऐकवा. भाषण नको, पाहुणे नकोत, हार नकोत.

अंगणवाडीच्या ताईंशी आजच बोला. चार वर्षांच्या मुलांची यादी तिच्याकडे असते. आठवड्यातून एक दिवस त्या मुलांना तुमच्या शाळेत गोष्टीला आणा. सहाव्या वर्षी त्यांना शाळा परकी वाटणार नाही, आणि आयांना तर त्याहून नाही.

आणि जी मुलं कुणीच मोजत नाही ती मोजा. पीथमपूरच्या बाजूला बांधकामावर, वीटभट्टीवर धार-झाबुआकडची कुटुंबं असतात. त्यांच्या मुलांची नावं कागद नाहीत म्हणून अडतात. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलंय. प्रवेशाची तारीख उलटली हे कारणही चालत नाही. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, नसेल तर मुलाला आधी वर्गात बसवा, आयडी मागून काढा. तसंच, खासगी शाळेची फी थकली म्हणून टीसी अडकून पडलेली दोनचार मुलं तुमच्या गावात नक्की घरी बसलेली असतील. पालक लाजेने बोलत नाहीत. टीसी यायला उशीर झाला म्हणून तुम्ही प्रवेश थांबवू शकत नाही, पाचव्या कलमात स्पष्ट आहे. संकुलातले बाबू कुरकुर करतील. कलम छापून टेबलावर ठेवा.

अतिशेष होण्याची भीती खरी आहे. एकाच आवारातल्या सरकारी शाळा एक करणारं ‘एक परिसर एक शाला’ निघालं तेव्हापासून विलीनीकरण आपण पाहतो आहोतच. पण त्या भीतीने दारावर उभ्या राहिलात तर आवाजात ती ऐकू येते. भाजीवालीला तर नक्कीच, गिऱ्हाइकाची गरज ओळखणं हा तिचा धंदा आहे. शाळा विलीन झालीच तर लहान मुलांना पायी किती लांब जावं लागेल, मध्ये रस्ता कोणता ओलांडावा लागेल, हे शाळा प्रबंधन समितीच्या ठरावात आत्ताच लिहून ठेवा. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम आहे, आणि ठराव पालकांच्या सह्यांनी गेला तर वजन पडतं. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्याकडे बहुधा त्या बायकांचे अंगठे घरपोच घेतले जातात. त्या भाजीवालीचं पोर आलं तर तिलाच समितीत घ्या. दारात असा प्रश्न विचारणारी बाई समितीत गप्प बसायची नाही.

फेरीची वेळ मात्र बदला. सकाळी दहाला ती हातगाडीवर असते, त्या दिवशी घरी कशी सापडली कोण जाणे. दुपारी तीननंतर जा, गाडी लावून ती जेवायला बसते तेव्हा. आणि त्या वाचणाऱ्या मुलीच्या आईला आधी विचारून घ्या.